मोटारीचे मंडल आणि एकस्वाचा वाद



नागपूरहून अमरावतीकडे जाणाऱ्या महामार्गावर वर्धा जिल्ह्यात तळेगाव (श्यामजी पंत) हे गाव लागते. आष्टी तालुक्याच्या या भागात संत्र्याच्या बागा आहेत. बाग म्हटली की विहीर आली, विहीर म्हटली की पंप आला आणि पंपाबरोबर तीन फेजची मोटार आली. ऐन उन्हाळ्यात ही मोटार जळाली तर काय होते, हे तिकडच्या मुलांना सांगावे लागत नाही. मोटार काढायची, दुरुस्तीच्या दुकानी न्यायची, नवे वायंडिंग भरून आणायचे, आणि तोपर्यंत आठ-आठ दिवस झाडे कोरडी ठेवायची. फळगळ झाली की वर्षाची कमाई गेली.

त्याच भागातला एक विद्यार्थी दोन वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत आला. त्याच्या घरची मोटार एकाच उन्हाळ्यात दोनदा जळाली होती. जुन्या रेडिओचे भाग जमवून त्याने एक विद्युत् मंडल, म्हणजे तुम्ही ज्याला सर्किट म्हणता ते, तयार केले होते. तीनपैकी एक फेज गेली की ते मोटार बंद करीत असे. मंडल चांगले चालत होते, पण मुलाचा चेहरा पडलेला होता. कुणीतरी त्याला सांगितले होते, "अरे, याचे पेटंट असते. असे घरी बनवशील तर खटला होईल!"

त्याने मला दोन प्रश्न विचारले. "सर, याचे पेटंट मला मिळेल का? आणि दुसऱ्या कुणाचे आधीच असेल, तर मी चोर ठरेन का?"

प्रश्न साधे दिसतात, पण याच प्रकारच्या प्रश्नांवर मोठमोठ्या कंपन्या वर्षानुवर्षे न्यायालयात भांडल्या आहेत. त्यांची उत्तरे शोधण्याआधी मोटार का जळते, ते नीट समजून घेऊ.

फेज गेली म्हणजे काय होते?

तीन फेजच्या मोटारीत बाहेरच्या स्थिर भागावर तारांची तीन वेटोळी बसवलेली असतात. त्यांतून वाहणारे तीन प्रवाह एकदम वाढत-घटत नाहीत. आपल्याकडे विजेचे एक आवर्तन १/५० सेकंदात पूर्ण होते. पहिल्या वेटोळ्यातील प्रवाह शिखरावर पोचल्यानंतर १/१५० सेकंदाने दुसऱ्यातील पोचतो आणि आणखी १/१५० सेकंदाने तिसऱ्यातील. कवायतीच्या मैदानावर गोलाकार उभी असलेली मुले एकामागून एक हात वर करू लागली, तर दुरून पाहणाऱ्याला एक लाट गोल फिरताना दिसेल. मोटारीत अशीच चुंबकीय क्षेत्राची लाट फिरते आणि आतल्या फिरत्या भागाला आपल्यामागे ओढून नेते. याला 'फिरते चुंबकीय क्षेत्र' म्हणतात. मोटारीचा सगळा जीव यात आहे.

आता डीपीवरचा एक फ्यूज उडाला अशी कल्पना करा. एक फेज गेली. उरलेल्या दोन तारांतून एकच प्रवाह जातो आणि येतो. त्यामुळे क्षेत्र फिरत नाही, एकाच रेषेत नुसते मागेपुढे होते. मोटार थांबलेली असेल तर ती सुरू होत नाही. घुंऽऽ असा आवाज करते, भरमसाट प्रवाह ओढते आणि थोड्या वेळात जळते.

मोटार आधीच फिरत असेल तर मात्र ती फिरतच राहते, आणि खरा धोका येथे आहे. तेवढेच पाणी उपसण्यासाठी आता दोन तारांना तिघींचे काम करावे लागते. त्यांतील प्रवाह साधारणपणे १.७३ पट होतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे तुम्ही शिकला आहात. १.७३ चा वर्ग करून पाहा. तो जवळजवळ ३ येतो. म्हणजे पाणी पडते आहे, सारे ठीक दिसते आहे, आणि आत दोन वेटोळ्यांत तिप्पट उष्णता निर्माण होत आहे. तारांवरचा रोगणाचा थर करपतो आणि मोटार जळाल्याचा वास येतो तेव्हा उशीर झालेला असतो.

तीन पहारेकरी

मोटारीच्या रक्षणासाठी स्टार्टरच्या पेटीत निरनिराळे पहारेकरी बसवलेले असतात.

पहिला आहे नो-व्होल्ट कॉइल. वीज आहे तोवर हा विद्युत् चुंबक स्टार्टरचे संपर्क धरून ठेवतो. वीज गेली की सोडून देतो. वीज परत आली तरी मोटार आपोआप सुरू होऊ नये, यासाठी ही योजना आहे. कारण त्याच वेळी कुणी पंपाशी काम करीत असेल तर त्याचा हात जायचा.

दुसरा आहे द्विधातू पट्टीचा ओव्हरलोड रिले. दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात. प्रवाह वाढला की त्या तापतात, पण सारख्या प्रसरण पावत नाहीत. त्यामुळे जोडपट्टी वाकते आणि मोटार बंद करते. पण हा पहारेकरी संथ आहे. पंपावर भार कमी असेल, तर एक फेज गेल्यानंतरचा वाढलेला प्रवाहही कधीकधी त्याला जागे करण्याइतका नसतो.

म्हणून तिसरा पहारेकरी आला. त्याला बाजारात सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर म्हणतात. तो तीन फेज एकमेकींशी ताडून पाहतो. काही उपकरणे तिन्ही तारांमधील विद्युत्-दाब ताडतात. पण यात एक अडचण आहे. फिरती मोटार स्वतःच गेलेल्या फेजच्या तारेवर दाब निर्माण करते, त्यामुळे उपकरण फसू शकते. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक तार एका छोट्या कड्यातून ओवतात आणि तारेतील प्रवाह मोजतात. गेलेल्या तारेत प्रवाह शून्य होतो, तेथे फसवणूक चालत नाही. आणखी एक मार्ग म्हणजे वेटोळ्यातच उष्णता जाणणारा छोटा घटक पुरून ठेवणे.

पाहा, शत्रू एकच, पण त्याला पकडण्याचे मार्ग तीन झाले. ही गोष्ट लक्षात ठेवा. एकस्वाच्या वादाची किल्ली येथेच आहे.

एकस्व कशाचे मिळते?

पेटंटला मराठीत 'एकस्व' असा शब्द आहे. एकस्व म्हणजे संशोधक आणि समाज यांच्यातला एक सौदा होय. संशोधकाने आपली युक्ती काहीही न लपवता लिहून द्यायची. त्या बदल्यात ठरावीक मुदतीपर्यंत ती युक्ती त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कुणी वापरायची नाही. आपल्याकडे १९७० चा एकस्व कायदा २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. आज ही मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे आहे. मुदत संपली की ती युक्ती सर्वांची.

एकस्व मिळण्यासाठी तीन कसोट्या आहेत. गोष्ट नवी हवी. त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचण्याजोगी नसावी. आणि ती उद्योगात उपयोगी पडणारी असावी. निसर्गाचा नियम मात्र कुणाच्या मालकीचा होत नाही. 'फेज गेली की प्रवाह असमान होतात' या सत्याचे एकस्व कुणालाही मिळणार नाही. ती असमानता ओळखण्यासाठी तुम्ही जी विशिष्ट जोडणी केली, तिचे मिळू शकेल.

ही जोडणी नेमकी कोणती, हे अर्जाच्या शेवटी क्रमांक घालून शब्दांत सांगायचे असते. त्या वाक्यांना 'दावे' म्हणतात. दावा म्हणजे शेताचे कुंपण. कुंपण फार मोठे घातले तर दुसऱ्यांची जुनी जमीन आत येते आणि सारे एकस्वच रद्द होऊ शकते. फार लहान घातले तर शेजारी बाजूने वाट काढून निघून जातो.

मोटार न्यायालयात जाते

मोटारीच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला वाद खुद्द फिरत्या चुंबकीय क्षेत्राचा आहे.

निकोला टेस्ला याने १२ ऑक्टोबर १८८७ रोजी अमेरिकेत आपल्या मोटारीसाठी अर्ज केला आणि १ मे १८८८ रोजी त्याला एकस्वे मिळाली. या दोन तारखांच्या मध्ये, १८ मार्च १८८८ रोजी, इटलीतील तुरीन येथे गॅलिलिओ फेरारिस या प्राध्यापकाने फिरत्या क्षेत्रावर निबंध वाचला. त्याने असे यंत्र १८८५ मध्येच करून पाहिले होते. त्याने एकस्व घेतले नव्हते. आपला शोध त्याने सर्वांसाठी खुला केला.

टेस्लाची एकस्वे वेस्टिंगहाऊस कंपनीने विकत घेतली आणि अशा मोटारी वापरणाऱ्यांवर तिने खटले भरले. त्यांपैकी न्यू इंग्लंड ग्रॅनाइट कंपनीविरुद्धचा खटला १९०० मध्ये निकालात निघाला. प्रतिवादींचे म्हणणे असे, की यात नवे काहीच नाही. १८२४ मध्ये आरागोने फिरत्या तांब्याच्या तबकडीमागे चुंबकसूची फिरवून दाखवली होती. १८७९ मध्ये लंडनला वॉल्टर बेली याने चार विद्युत् चुंबकांतील प्रवाह आळीपाळीने बदलून तबकडी फिरवली होती.

न्यायाधीश टाउनसेंड यांनी हे मान्य केले नाही. आधीची उपकरणे प्रयोगशाळेतले चमत्कार होती. वेगवेगळ्या कलांचे प्रत्यावर्ती प्रवाह सरळ मोटारीत सोडून त्यांच्याकडूनच क्षेत्र फिरवून घ्यायचे आणि त्यावर काम करणारे यंत्र उभारायचे, ही पायरी टेस्लाची होती. आणि टेस्लाचा अर्ज फेरारिसच्या निबंधाआधी पाच महिने दाखल झाला होता. तारीख कागदावर होती, त्यामुळे ती नाकारता येत नव्हती.

एकच शोध, दोन निकाल

पण गोष्ट येथे संपत नाही. तुमच्या घरातला छताचा पंखा पाहा. त्याला एकच फेज असते, तरी तो फिरतो. कारण त्यात दोन वेटोळी असतात आणि एकीच्या वाटेत कंडेन्सर बसवून तिचा प्रवाह दुसरीच्या पुढे काढलेला असतो. एका फेजची जणू दोन शकले केलेली असतात. दोन फेजवर तीन फेजची मोटार कशीबशी चालवण्यासाठी काही शेतकरी कंडेन्सर लावतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. मोटारीला ते मानवत नाही, हा भाग वेगळा.

एका फेजपासून दोन करण्याच्या युक्तीसाठी टेस्लाने अर्ज केला तो ८ डिसेंबर १८८८ रोजी, म्हणजे फेरारिसचा निबंध प्रसिद्ध झाल्यानंतर. आणि फेरारिसने आपल्या निबंधात असा मार्ग सांगितला होता! त्या काळी अमेरिकेत अर्जाच्या तारखेपेक्षा शोध प्रत्यक्ष केव्हा लागला याला महत्त्व होते. त्यामुळे ही युक्ती आपल्याला निबंधाआधीच साधली होती, हे टेस्लाच्या बाजूला सिद्ध करणे भाग पडले. काम बारा-तेरा वर्षांपूर्वीचे. साक्षीदारांच्या आठवणींवर भिस्त ठेवावी लागली.

निकाल काय लागला? १९०२ मध्ये डेटन फॅन अँड मोटर कंपनीच्या खटल्यात एका अपील न्यायालयाने टेस्लाच्या बाजूने कौल दिला. १९०३ मध्ये कॅट्स्किल येथील वीज कंपनीच्या खटल्यात दुसऱ्या अपील न्यायालयाने तो पुरावा पुरेसा मानला नाही आणि निकाल विरुद्ध दिला. माणूस तोच, युक्ती तीच, निबंध तोच. फरक पडला तो पुराव्याच्या वजनाने. पहिल्या शोधाची तारीख कागदावर होती, दुसऱ्याची माणसांच्या स्मरणात होती.

आता बहुतेक सर्व देशांत अर्जाची तारीखच निर्णायक धरतात. अमेरिकेनेही १६ मार्च २०१३ पासून हा मार्ग स्वीकारला. भारतात तो आधीपासूनच आहे.

आपल्याकडचे दोन खटले

आपल्या देशातही असे वाद झाले आहेत. मिर्झापूरच्या भांड्यांच्या धंद्यात कातयंत्रावर भांडे पक्के धरून ठेवण्याच्या एका सोयीचे एकस्व १९५१ मध्ये घेतले गेले होते. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १३ डिसेंबर १९७८ रोजी ते एकस्व टिकले नाही. न्यायालयाने सांगितले, की आधीच माहीत असलेल्या गोष्टीत कारागिराला सहज सुचेल अशी सुधारणा म्हणजे शोध नव्हे. त्यात कल्पकतेची पायरी हवी.

दुसरा वाद पुण्याच्या बजाज ऑटोचा आहे. तो विजेच्या मोटारीचा नाही, मोटारसायकलच्या इंजिनाचा आहे. पण 'दावा' कसा वाचावा, हे त्यातून छान कळते. लहान व्यासाच्या सिलिंडरमध्ये दोन स्पार्क प्लग बसवण्याचे एकस्व बजाजकडे होते. २००७ मध्ये टीव्हीएस कंपनीने दोन प्लगांचे इंजिन आणले, पण त्यात झडपा तीन होत्या. तिसऱ्या झडपेमुळे इंजिन कुंपणाबाहेर गेले, की प्लग दोनच असल्यामुळे आत राहिले? २००८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी मनाई हुकूम दिला. २००९ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तो उठवला. शेवटी २०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी तडजोड केली. एकस्वाचा अर्ज २००२ चा होता. म्हणजे २० वर्षांपैकी १७ वर्षे तोवर उलटली होती.

त्या विद्यार्थ्याचे काय झाले?

आता आपल्या विद्यार्थ्याकडे वळू. त्याच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी दिले, कारण त्याची भीती घालवायची होती. भारतीय कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे केवळ प्रयोगासाठी, संशोधनासाठी किंवा विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी एकस्व असलेले यंत्रसुद्धा बनवता येते. तेव्हा प्रयोगशाळेत मंडल जोडणारा मुलगा चोर मुळीच नव्हे. पण चालू एकस्वातील तेच मंडल करून विकायचे, किंवा परवानगीवाचून रोज वापरायचे, ही गोष्ट वेगळी. शिवाय एकस्व ज्या देशात घेतले असेल त्याच देशात लागू होते. भारतात ज्याचे एकस्व घेतलेलेच नाही, ते परदेशातल्या एकस्वामुळे येथे अडत नाही.

मग आम्ही दोघांनी भारतीय एकस्व कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध घेतला. हा शोध कुणालाही विनामूल्य घेता येतो. तिन्ही तारांतील प्रवाह ताडून मोटार बंद करण्याची कल्पना जुनीच निघाली. तशी जुनी एकस्वे मुदत संपून मोकळी झाली होती. मुलगा क्षणभर हिरमुसला. मग त्याच्या लक्षात आले, की याचा अर्थ ती कल्पना वापरायला तो आता पूर्ण मोकळा आहे, आणि जुन्या कागदांत आकृत्यांसह सारे लिहिलेले आहे. त्या वाचून त्याने आपल्या मंडलातली एक चूक दुरुस्तही केली.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र कडू होते. त्याच्या मंडलात एक लहानसा भाग होता, तसा आम्हाला कोठे सापडला नाही. पण त्याने ते मंडल आकृतीसह एका विज्ञान प्रदर्शनात आधीच मांडले होते. एखादी गोष्ट अर्जाआधी जाहीर झाली की ती 'नवी' राहत नाही. सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांना आणि विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधांना काही अटींवर बारा महिन्यांची सवलत आहे, पण गावोगावची प्रदर्शने त्यात येत नाहीत. आधी कच्चा अर्ज, ज्याला तात्पुरते विवरण म्हणतात तो, दाखल केला असता, तर तारीख राखून ठेवता आली असती आणि पूर्ण विवरण देण्यास बारा महिने मिळाले असते. महाराष्ट्रातील अर्जदारांसाठी हे कार्यालय मुंबईला आहे. एकस्वांची माहिती पुरवणारे केंद्र तर १९८० पासून नागपुरातच आहे.

तुमच्यापैकी कुणाला काही सुचले असेल, तर आजपासून एक वही करा. पाने शिवलेली हवीत, सुटी नकोत. प्रत्येक प्रयोगाची आकृती काढा, फसलेल्या प्रयोगाचीही काढा. खाली तारीख घाला आणि शिक्षकांची सही घ्या. वहीमुळे एकस्व मिळत नाही, त्यासाठी अर्जच करावा लागतो. पण तुमची कल्पना उचलून दुसऱ्याने अर्ज केला, तर हरकत घेताना ही वही तुमच्या उपयोगी पडेल. आणि एक ताकीद. घरच्या स्टार्टरचे झाकण स्वतः उघडू नका. तेथे ४१५ व्होल्ट असतात. प्रयोग करायचे ते बॅटरीवरच्या छोट्या मंडलावर, शिक्षकांसमोर.

तो विद्यार्थी आता महाविद्यालयात आहे. घरच्या पंपावर योग्य प्रिव्हेंटर बसवून घेतल्यापासून मोटार जळालेली नाही. त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी गेल्याच आठवड्यात सही केली. पानावर एक नवे मंडल आहे. ते कसले आहे, ते मात्र मी येथे सांगत नाही. का सांगत नाही, हे तुम्हाला आता कळले असेलच!